मालाविना भिंत: वजन, घर्षण आणि मागचं पाणी

बागेतला उतार अडवायला काँक्रीटचे ठोकळे नुसते एकावर एक रचायचे आणि मध्ये सिमेंट-वाळूचा माल लावायचाच नाही, म्हटलं की शंका येतेच. मग भिंत धरून कोण ठेवतं? ठोकळ्यांचं वजन आणि त्यांच्यातलं घर्षण. त्यांना पुरून उरेल असा शत्रू मात्र माती नसून पाणी आहे.

भिंतीमागची सगळीच माती पुढे ढकलत नाही. ढकलते ती पाचरीच्या आकाराची, तिरक्या पातळीवरून घसरू पाहणारी माती. हा विचार १७७३ मध्ये फ्रेंच लष्करी अभियंता कूलोम यांनी मांडला. विद्युतभाराच्या नियमामुळे शाळेत भेटतात, तेच हे. भिंतीची उंची दुप्पट केली की हा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवण्याची त्याची ताकद आठपट.

एक मीटर उंच, ३० सेंटीमीटर जाड भिंत घेऊ. कोरड्या, बऱ्यापैकी निचऱ्याच्या मातीचा रेटा दर मीटर लांबीला साधारण ३०० किलो वजनाइतका. भिंतीचं वजन सुमारे ७२० किलो. घर्षणांक, म्हणजे वजनाच्या किती पट रेट्याला घर्षण अडवतं तो आकडा, ०.६ धरला तर ती ४३० किलोपर्यंतचा रेटा घसरल्याशिवाय सोसते. म्हणजे निभावतं. आता तीच माती वरपर्यंत पाण्यानं भरली तर? मातीचा आणि पाण्याचा मिळून रेटा ६५० किलोच्या वर जातो आणि भिंत सरकते.

मालाचे सांधे नसण्याचा फायदा इथे कळतो. फटींतून पाणी निथळत राहतं, तुंबत नाही. पण फटींना पाणी मिळायला भिंतीमागे ३० सेंटीमीटर रुंदीचा खडीचा पट्टा हवा, आणि खडी व माती यांच्यामध्ये गाळणीचं कापड. नाहीतर चिकणमाती येऊन खडी बुजवते. माझ्या मते ठोकळ्यांची निवड करण्यात घालवलेला अर्धा वेळ या पट्ट्याला द्यावा.

सरकण्यापेक्षा उलथण्याची बाजू अधिक नाजूक असते. वरच्या उदाहरणातल्या भिंतीत कोरड्या मातीतही उभ्या रचनेत फार थोडी सवलत उरते. म्हणून प्रत्येक थर मातीच्या बाजूला जरा मागे सरकवतात. २० सेंटीमीटर उंचीच्या ठोकळ्याला दोन सेंटीमीटर पुरेत. तेवढ्यानं वजनाचा मध्य चार सेंटीमीटर मागे जातो आणि उलथण्याला होणारा विरोध चौथ्या हिश्शाहून थोडा जास्तच वाढतो. सिमेंट न वापरता, फुकटात! काही ठोकळ्यांना मागच्या बाजूला ओठ असतो. तो खालच्या थराला अडकला की हे मागे सरकणं आपोआप जमतं.

पाया साधा. चर खणायचा, १५ सेंटीमीटर खडी धुम्मसानं ठोकून बसवायची आणि पहिला थर जमिनीत अर्धाअधिक गाडायचा. तो पाणसळीनं तंतोतंत बघा, कारण त्यातला फरक वर वर वाढतच जातो. पुढच्या थरांत खालच्या दोन ठोकळ्यांचा सांधा वरच्याच्या मधोमध यावा. पाया थोडा खचला तरी ठोकळे आपापल्या जागी किंचित हलून सावरतात, मालाच्या भिंतीला तिथे तडा जातो.

मीटरभराच्या वर जायचं असेल, किंवा वरच्या बाजूला गाडी उभी राहणार असेल, तर ठोकळ्यांचं वजन पुरत नाही. मागच्या मातीत दर काही थरांनंतर मजबूत जाळी अंथरून ती ठोकळ्यांच्या थरांत दाबून धरावी लागते, आणि ती किती लांब हवी हे अभियंत्याकडून काढून घ्यावं.