नॅस : घरगुती जालसाठवण

घरातील संगणक, फोन व दूरचित्रवाणी संच यांना राउटरमार्फत एकत्रितपणे वापरता येणारी, स्वतःचा प्रोसेसर व एक किंवा अनेक हार्ड डिस्क असलेली साठवणपेटी. ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ या नावाची आद्याक्षरे जोडून ‘नॅस’ हा शब्द झाला. प्रस्तुत नोंदीत दूरच्या ठिकाणी बॅकअप ठेवण्यासाठी तिची निवड कशी करावी, याचा प्रामुख्याने विचार केला आहे.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात ब्रायन रँडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘न्यूकॅसल कनेक्शन’ ही प्रणाली रचली. तिच्यामुळे युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या एका यंत्रावरील फाइली दुसऱ्यावरून, जणू तिथल्याच असल्याप्रमाणे, उघडता येत. काहींच्या मते हीच नॅसची पूर्वज होय. इतर काही जण हा मान नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर (१९८३) किंवा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या एनएफएस (१९८४) या जालावरून फाइली वाटून देणाऱ्या प्रणालींना देतात. फाइली वाटून घेणे एवढाच निकष धरला, तर पहिले मत ग्राह्य ठरते. तथापि नॅस ही मुळात फाइली पुरवण्यासाठीच घडवलेली स्वतंत्र पेटी आहे. म्हणून १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्पेक्स कंपनीच्या सर्व्हरपासून तिचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. घरगुती वापरात तैवानच्या सिनॉलॉजी व क्यूनॅप या कंपन्यांच्या पेट्या, तसेच साध्या संगणकावर चालणारी फ्रीनॅस (२००५) ही प्रणाली रुळली.

अनेक डिस्कवर माहिती विभागून ठेवण्याच्या ‘रेड’ या रचनेबाबतही असाच प्रश्न आहे. हे नाव बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधातील आहे. मात्र आयबीएममधील औची यांना याच स्वरूपाच्या कल्पनेचे पेटंट १९७८ मध्ये मिळाले होते. रेडमुळे डिस्क बिघडली तरी काम चालू राहते. पण चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकदमच जाते. त्यामुळे रेडला बॅकअप समजणे ही खरेदीतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला; अशा पुरात तळमजल्यावरच्या मूळ व बॅकअप अशा दोन्ही प्रती एकाच पाण्यात जातात. दुसरी पेटी दुसऱ्या गावी हवी ती यासाठी.

दूरस्थ बॅकअप घरगुती इंटरनेटवर शक्य झाला तो प्रामुख्याने ट्रिजेल व मॅकेरास यांच्या ‘आरसिंक’ या प्रोग्रॅममुळे (१९९६). यात दूरची पेटी आपल्याकडील जुन्या फाइलीचे समान तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन बेरजा (तुकड्यातील मजकुरावरून काढलेले, त्याची ओळख पटवणारे छोटे आकडे) मूळ पेटीकडे पाठवते : एक हलकी, ३२ बिटांची, दुसरी भक्कम. मूळ पेटी नव्या फाइलीवरून एकेक बाइट पुढे सरकत हलकी बेरीज काढते. मागच्या बेरजेतून एक बाइट वजा व एक मिळवला की पुढची तयार होते, त्यामुळे हे काम स्वस्तात होते. हलकी बेरीज जुळली तरच भक्कम तपासली जाते, आणि न जुळलेला भागच तारेवरून जातो. फाइल आधीच कूटबद्ध वा संकुचित असेल, तर हा लाभ बहुधा मिळत नाही.

आरसिंक बदललेली वा बिघडलेली फाइलही तितक्याच इमानाने पोचवतो. म्हणून दूरच्या पेटीत झेडएफएस किंवा बीटीआरएफएससारखी, जुन्या अवस्थांचे स्नॅपशॉट राखणारी फाइल प्रणाली असावी. हा निकष डिस्कच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. प्रत दूरच्या पेटीने ओढून घ्यावी व दूरच्या पेटीत शिरण्याची किल्ली (संकेतशब्द) मूळ पेटीत ठेवू नये, म्हणजे घरच्या पेटीत घुसलेला खंडणीखोर प्रोग्रॅम तिथवर सहसा पोचत नाही.

सेकंदाला २० मेगाबिट अपलोड वेगाने १ टीबी पाठवण्यास अखंड साडेचार दिवसांहून अधिक लागतात. त्यामुळे पहिली प्रत दोन्ही पेट्या शेजारी ठेवून करावी व मगच दुसरी हलवावी. राउटरचे पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) थेट उघडणे धोक्याचे असते. त्याऐवजी वायरगार्डसारखा बोगदा, म्हणजे दोन पेट्यांमधला कूटबद्ध मार्ग, वापरावा. बाहेरून घरच्या जोडणीपर्यंत थेट पोचण्यासाठी लागणारा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता भारतातील अनेक जोडण्यांना नसतो; तो आहे का, हे खरेदीपूर्वीच सेवादात्याकडे विचारून घ्यावे.