वरचं गणित दहावीनंतरच झेपतं?

‘सातवीतल्या खेड्यातल्या पोट्ट्यांना वरचं गणित, भौतिकशास्त्र झेपत नाही’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांना लेकरांची काळजीच असते. पण हे लेकरांना घेऊन घरीच तपासता येतं.

निंबाच्या फांदीला सुतळीनं दगड टांगा. फांदीपासून दगडाच्या मध्यापर्यंत १ मीटर. झोका लहानसा द्या. दगड जाऊन परत आला की एक. अशा १० झोक्यांना सुमारे २० सेकंद लागतात. दगड जड घेतला तरी तेवढेच. (इथं मोठी माणसंही चकतात.)

आता सुतळी अर्धी करा. वेळही अर्धा? नाही, १४ सेकंद. १० सेकंद हवे तर सुतळी पाव, म्हणजे २५ सेंटिमीटर लागते. लांबी पाव, वेळ अर्धा: हेच वर्गमूळ (अर्धा गुणिले अर्धा म्हणजे पाव). सूत्र मागाहून लिहू द्या. सेकंद मोजायला मोबाइलचं घड्याळ चालतं.