खांदेरी कुठली, उंदेरी कुठली?

पुण्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून काढलेला फोटो आला, की त्याखाली हमखास चुकीचं नाव असतं. समोर दोन बेटं, दोन्हींवर किल्ले, नावंही जोडीची. किनाऱ्याजवळची, बसकी ती उंदेरी. तिच्यापलीकडे समुद्रात आत, दोन उंचवट्यांची आणि दीपगृह असलेली ती खांदेरी.

ओळखायला एवढं पुरे. पण दिवा खांदेरीवरच का, ते कळलं की या दोघींमधलं वैरही कळतं.

खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेला. मुंबई आणि जंजिऱ्यामधली ये-जा इथून नजरेत राहते. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईला, इंग्रजांच्या आसऱ्याला जायचं. शिवाजी महाराजांना तेच मोडायचं होतं. १६७९ मध्ये त्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीने तिथं तटबंदीला हात घातला. इंग्रजांनी नाकेबंदी केली, पण उथळ पाण्यात त्यांच्या मोठ्या जहाजांचं काही चालेना. मराठ्यांच्या होड्या अंधारात सामान पोचवत राहिल्या. केवढी जिद्द म्हणायची ही!

मग जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरी गाठली आणि तिथं तट उभारले. जागा नीट बघा: थळ आणि खांदेरीच्या मध्ये. खांदेरीची रसद तोडायची, हाच उंदेरीचा हेतू.

दीपगृह इंग्रजांनी १८६७ मध्ये बांधलं. दिवा जितका उंच, तितका लांबून दिसतो. आणि बेट किनाऱ्यापासून बाहेर असलं की बंदराकडे वळणाऱ्या जहाजाला वेळेत खूण मिळते. सखल, किनाऱ्याला चिकटलेल्या उंदेरीवर हे जमलं नसतं. आज मुंबई आणि न्हावा-शेवाची गर्दीची वाहतूक याच पाण्यातून जाते. दीपगृहाला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. १७१८ मध्ये इंग्रजांचा खांदेरीवरचा हल्ला त्यांनीच परतवला होता, त्यामुळे हे नाव वाचताना मला फार बरं वाटतं.

खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे, चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत. एका खडकावर दगड आपटला की धातूसारखा खणखणीत आवाज येतो. आपल्या शिवनेरी, लोहगड, राजगडाबरोबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली ती हीच. उंदेरी त्यात नाही. म्हणून ती टाळू नका. मात्र तिथं धक्का नाही, खडकांवरच उतरावं लागतं. भरतीची वेळ थळच्या कोळ्यांना विचारूनच पुण्यातून निघा.