वारा अडवणारं घर

घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही पाच वर्षांपूर्वी हाताने एक छोटं हरितगृह उभारलं. लांबी दहा फूट, रुंदी सहा फूट. सांगाडा बांबूचा, त्यावर २०० मायक्रॉन जाडीची पॉलिथिनची फिल्म, आणि भंगारातून आणलेलं एक जुनं दार. आमचं गाव नाशिक जिल्ह्यातलं. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, हे द्राक्षवाल्यांना विचारा. थंडीत टोमॅटो-वांग्याची रोपं जपावीत, एवढाच आमचा हेतू होता. पण हे घर नेमकं करतं काय, हे कळायला मला दोन हंगाम लागले.

शाळेत आपण शिकतो की काच ऊन आत येऊ देते, पण तापलेल्या जमिनीतून निघणारे अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) बाहेर जाऊ देत नाही, म्हणून हरितगृह तापतं. यात तथ्य आहे, पण मुख्य कारण ते नव्हे. १९०९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी दोन सारखी, आतून काळी खोकी घेतली. एकावर काचेचं झाकण ठेवलं, दुसऱ्यावर खनिज मिठाच्या पारदर्शक स्फटिकाचं. काच अवरक्त किरण अडवते, मीठ ते सहज जाऊ देतं. शाळेतलं स्पष्टीकरण पुरेसं असतं, तर मिठाचं खोकं बरंच थंड राहायला हवं होतं. उन्हातले अवरक्त किरण दोन्हीकडे सारखेच पोचावेत म्हणून वुड यांनी ऊन आधी एका काचेतून गाळून घेतलं. दोन्ही खोकी सुमारे ५५ अंशांपर्यंत तापली आणि त्यांच्यातला फरक एक अंशही भरला नाही.

मग उष्णता कोंडते कशामुळे? उघड्यावर जमीन तापली की तिला टेकलेली हवा तापते, हलकी होते, वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. हे चक्र दिवसभर चालू असतं. छप्पर आणि भिंती घातल्या की ते बंद पडतं. तापलेली हवा जागच्या जागी राहून आणखी तापते. आमच्या पॉलिथिनची गोष्ट तर मिठासारखीच आहे. तेही अवरक्त किरण बरेचसे जाऊ देतं, तरी आत भट्टी होते. म्हणजे हरितगृह मुळात वारा अडवणारं घर आहे. (वातावरणाचा 'हरितगृह परिणाम' मात्र वेगळा. तिथे कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प खरोखरच अवरक्त किरण शोषतात. नाव एक असलं तरी यंत्रणा एक नाही. वुड यांच्या प्रयोगावरून हवामानबदलाला खोटं ठरवणारे लोक इथेच चुकतात.)

काचेचं हरितगृह पूर्वी श्रीमंतांची हौस होती. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक एमरी एमर्ट यांनी १९४८ मध्ये महागड्या काचेऐवजी लाकडी सांगाड्यावर प्लास्टिकची फिल्म ताणली. आज महाराष्ट्रात शेतोशेती दिसणारी पॉलिहाऊस आणि आमचं हे बांबूचं खोपट, दोन्ही त्याच घराण्यातली.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. भर दुपारी स्वच्छ आकाशातून प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडतं. आमचं साठ चौरस फुटांचं घर म्हणजे साडेपाच चौरस मीटर. फिल्म थोडं ऊन अडवते हे धरलं, तरी आत दोन किलोवॅटचे दोन गीझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखं होतं. पहिल्या मार्चमध्ये आम्ही नुसतं दार उघडं ठेवलं आणि मिरचीची रोपं करपली. गरम हवेला बाहेर पडायची वाट वरच हवी, हे तेव्हा लक्षात आलं. २० अंशांना एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२० किलो असतं, ४० अंशांना १.१३ किलो. फरक थोडा दिसतो, पण खाली एक खिडकी आणि आढ्याशी एक झरोका ठेवला की तेवढ्या फरकावर हवा आपोआप वाहू लागते. जुन्या वाड्यांच्या छपरात धाब्याखाली ठेवलेली भोकं हेच काम करायची.

शेडनेटचंही तसंच. पहिल्यांदा ते आम्ही आतून बांधलं होतं. जाळी ऊन शोषून तापायची आणि ती उष्णता आतल्याच हवेला द्यायची. आता ती फिल्मच्या वर, वीतभर अंतर सोडून बांधतो. याशिवाय दुपारी जमिनीवर पाणी शिंपडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना ती साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जाते. तेवढी उष्णता द्यायला दोन किलोवॅटचा गीझर वीस मिनिटं चालवावा लागेल. आजी अंगणात सडा घालायची तेव्हा गार वाटायचं, ते उगाच नव्हे.

सर्वांत मोठं आश्चर्य जानेवारीतल्या एका पहाटे वाट्याला आलं. आकाश निरभ्र, पानही हलत नव्हतं, आणि आतला थर्मामीटर बाहेरच्यापेक्षा एक अंश कमी दाखवत होता. मला तो बिघडल्याची शंका आली. बिघडला नव्हता. रात्री जमीन आणि पानं अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता आकाशाकडे सोडतात. पॉलिथिन ती जाऊ देतं. बाहेर हवेची किंचितशी हालचाल वरची थोडी उबदार हवा खाली आणत राहते. आत तेवढीही हालचाल नाही. दिवसा जे ऊब देतं, तेच रात्री आड येतं. उपाय म्हणून उत्तरेच्या भिंतीशी दोनशे लिटरचा काळा रंगवलेला ड्रम पाण्याने भरून ठेवला. तो दिवसात दहा अंशांनी तापला, तर जवळपास सव्वादोन युनिट विजेइतकी ऊब साठवतो आणि रात्रभर हळूहळू सोडतो.

वारा अडवल्याचे आणखी परिणाम रोपांवर दिसतात. आतली रोपं उंच आणि काटकुळी होतात. झाडाला हलकेच स्पर्श झाला, ते हललं, की त्याचं खोड आखूड आणि दणकट होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ एम. जे. जाफे यांनी १९७३ मध्ये या प्रतिसादाला शास्त्रीय नाव दिलं. रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून मी तळहात फिरवते तो म्हणूनच. बंद घरात सकाळच्या उन्हात पानं कार्बन डायऑक्साइड इतक्या भराभर वापरतात की त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा कमी होतं, त्यामुळे झरोका थंडीतही थोडा वेळ उघडावाच लागतो. आणि टोमॅटो तर फुलून फुलून गळत होता. त्याचे पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतात, फूल हादरलं तरच टोकाच्या छिद्रातून सांडतात. शेतात हे काम वारा करतो. वांग्याच्या फुलाची रचनाही अशीच.

इथून आमच्या फुलबागेची गोष्ट सुरू होते. हरितगृहाभोवती आधी नुसती फरशी होती. ती उखडून आम्ही झेंडू, झिनिया, कॉसमॉस, तुळस आणि सब्जा लावला. कोथिंबीर आणि बडीशेप मुद्दाम फुलावर जाऊ दिली. त्या छत्रीसारख्या फुलांवर घोंघावणाऱ्या, मधमाशीचं सोंग घेतलेल्या माश्या येतात, आणि त्यांच्यातल्या कित्येकींच्या अळ्या मावा या रस शोषणाऱ्या किडीचा फडशा पाडतात. झेंडूच्या मुळांतलं अल्फा-टर्थिएनिल हे रसायन मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक ठरतं, पण त्यासाठी झेंडू हंगामभर त्याच वाफ्यात वाढवावा लागतो. कडेला एक-दोन रोपं लावून फारसा उपयोग होत नाही. शेवंतीने वेगळाच धडा दिला. तिला फुलायला लांब रात्र लागते. ओसरीच्या दिव्याखालची रोपं पानांनीच भरून राहिली, अंधारातली वेळेवर फुलली.

तुळशीवर निळ्या पट्ट्यांची एक मधमाशी येते. ती मातीत बिळं करते, म्हणून भिंतीकडेची हातभर जमीन मी उघडीच ठेवली आहे. ती आणि काळा भुंगा, दोघांची खासियत एकच: फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवायचे आणि पराग झाडून घ्यायचे. आपली सातेरी मधमाशी कितीही कष्टाळू असली, तरी तिला ही युक्ती जमत नाही.

दोन वर्षांपूर्वी दाराच्या चौकटीच्या बांबूला एक गोल भोक दिसलं, खाली पिवळसर भुसा. बांबू बदलून टाकू, असं घरात ठरत होतं, तेवढ्यात आतून भुंगा बाहेर आला. बांबू तसाच राहू दिला, शेजारी दुसरा टेकू लावला. आता सकाळी नऊच्या सुमारास दार उघडते. थोड्या वेळाने वांग्याच्या जांभळ्या फुलावर तो चढा, तुटक गुंजारव ऐकू येतो आणि फुलाखालच्या पानावर पिवळी भुकटी सांडलेली दिसते.