कोकणातील पेट सिटिंग

पेट सिटिंग म्हणजे घरची माणसे बाहेरगावी असताना त्यांच्या पाळीव प्राण्याची त्याच्याच घरी येऊन, मोबदला घेऊन केलेली देखभाल. ही देखभाल करणारा तो पेट सिटर. प्राण्याला दुसरीकडे नेऊन ठेवले की ते बोर्डिंग. सिटिंगमध्ये प्राणी जागचा हलत नाही, माणूस त्याच्याकडे येतो. कोणी दिवसातून दोन-तीन फेऱ्या मारतो, कोणी मुक्कामालाच राहतो. कोकणात पडवी, खळे, विहीर, माडापोफळीची वाडी आणि भोवतीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, असे सगळे मिळून घर होते आणि कुत्रा त्या सगळ्यात फिरतो. त्यामुळे इथल्या सिटरला नुसता प्राणी कळून भागत नाही, वाडीही कळावी लागते.

स्वतंत्र व्यवसाय म्हणून या कामाची बांधणी अमेरिकेत झाली. तिथे १९८९ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पेट सिटर्स ही संघटना उभी राहिली आणि १९९४ मध्ये पॅटी मोरान यांनी पेट सिटर्स इंटरनॅशनल स्थापन केली. लेखी करार, विमा आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण यांचा आग्रह अशा संघटनांनी धरला.

कोकणात हे काम शेजार करत असे. घरधनी मुंबईला निघाला की चावी शेजारच्या घरी, गुरे शेजाऱ्याच्या गोठ्यात आणि कुत्रा त्याच्या पडवीत. पैशांचा विषय निघत नसे. येताना मुंबईहून एखादा मिठाईचा पुडा आला की झाले. आज कितीतरी वस्त्यांत चार घरांपैकी दोनांना कुलूप असते आणि उरलेल्या दोनांत सत्तरी ओलांडलेली जोडपी राहतात. त्यांची माया तेवढीच आहे, पण मुलाने आणलेला तीस किलोचा लॅब्राडोर साखळीला हिसका देतो तेव्हा म्हातारीचा हात निखळायची वेळ येते. शेजाऱ्याच्या मायेची जागा पैसे घेणारा माणूस घेऊ शकत नाही हे खरेच. पण माया असूनही ज्याला आता झेपत नाही त्याच्यावर हे ओझे टाकणे बरे नव्हे.

मागणीचे हंगाम किनाऱ्याच्या दोन टोकांना वेगवेगळे असतात. मुंबई-ठाण्यात गणपती, शिमगा आणि मे महिना हे ऐन गर्दीचे दिवस, कारण चाकरमानी तेव्हाच गावी निघतात. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनमधल्या पिंजऱ्यात ठेवावे लागते. गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेचे साधे आरक्षण मिळताना मारामार, तिथे कूपे कुठून आणणार? गावाकडे याच्या उलट: गणपतीत घर माणसांनी भरलेले असते आणि ते रिकामे होते म्हातारी माणसे दवाखान्यासाठी किंवा मुलांकडे राहायला शहरात जातात तेव्हा. ते बहुधा अचानक ठरते. म्हणून गरज पडण्याआधीच सिटर पाहून ठेवावा आणि त्याची प्राण्याशी गाठ घालून द्यावी.

ही ओळखभेट घाईने उरकू नये. जाणता सिटर आल्या आल्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवत नाही. तो पडवीच्या पायरीवर बाजूला तोंड करून बसतो, घरच्यांशी बोलत राहतो आणि कुत्र्याला स्वतःहून येऊन चपला, पिशवी, हाताचा पंजा हुंगू देतो. दुसऱ्या भेटीत तो घरच्यांच्या समोर जेवण वाढतो. निघताना मालकिणीने एखादे न धुतलेले जुने लुगडे किंवा चादर अंथरुणावर ठेवून जावी. त्या वासाने रात्र सोपी जाते.

मांजराची गोष्ट निराळी. त्याचा जीव माणसाइतकाच जागेत गुंतलेला असतो, त्यामुळे त्याच्यासाठी बोर्डिंगपेक्षा सिटिंग बहुधा बरे. पण 'मांजर काय, आपले आपण राहील' हा समज घातक आहे. मांजराने दोन-तीन दिवस अन्न टाकले तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. एक दिवसाआड फेरी म्हणूनच पुरत नाही. भांड्यातले किती गेले ते रोज पाहावे लागते. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे, हे सिटरला सांगूनच ठेवावे.

आता वाडीचे धोके. जांभ्याचा सडा (उघडा कातळ), गडग्याच्या फटी आणि दगडांचे ढीग ही फुरसे या विषारी सापाची जागा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा साप भरपूर, आणि कुत्र्याला दंश होतो तो बहुधा नाकावर किंवा पुढच्या पायावर, कारण ते हुंगायला जाते. अशा वेळी जखम कापू नये, करकचून बांधू नये, कुत्र्याला चालवू नये. उचलून थेट पशुवैद्याकडे न्यावे. प्रतिविष कोणत्या दवाखान्यात असते हे मालकाने निघण्याआधी विचारून लिहून ठेवलेले हवे. बिबट्याचा वावर असलेल्या गावात कुत्रा दिवेलागणीला घरात घ्यायचा. रात्री पडवीत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडी वाढतात आणि त्यांच्यापासून गोचीडताप होतो, म्हणून रोज कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून पाहावे. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो; तो कुत्र्याला होतो तसा पायाला चीर असलेल्या सिटरलाही होतो. कुत्र्याला त्याची लस द्यावी, सिटरने गमबूट घालावेत. मे महिन्यात आंब्याची कोय गिळून कुत्र्याचे आतडे अडते. पुळणीवर फिरवताना वाळूत पडलेला केंड मासा तोंडात घेऊ देऊ नये, तो विषारी असतो.

सिटरला कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्रा ओळखीचा आहे, लस टोचलेला आहे, म्हणून थांबू नये.

करारात दर, फेऱ्या, खाणे, औषधे हे सगळे येतेच. कोकणात त्यापेक्षा मोठे कलम एकच: फोन लागला नाही तर निर्णय कोणाचा? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा पुढे कितीतरी दिवस गावांत वीज नव्हती आणि फोन बंद होते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या तळमजल्यांत पाणी शिरले, तेव्हा विचारायला वेळही नव्हता. प्राणी कुठे हलवायचा, शस्त्रक्रियेला होकार कोण देणार, किती खर्चापर्यंत विचारायची गरज नाही, हे कागदावर उतरवून सही झालेले हवे. 'काही लागलं तर फोन कर' एवढ्यावर एका जिवाची जबाबदारी सोपवणे बरोबर नाही.

कायद्याचे म्हणाल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम ३ इथे लागू पडते. प्राणी ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्या प्रत्येकावर ते त्याच्या सुस्थितीची काळजी घेण्याचे कर्तव्य टाकते; म्हणजे चावी हातात घेतली की सिटरवरही. आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधून ठेवणे आणि उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून जाणे हे कलम ११ खाली गुन्हे आहेत. चार दिवसांचा भात एकदम घमेल्यात ओतून गावाला जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. दमट हवेत तो भात दुसऱ्याच दिवशी आंबतो.

कामाचा कस वहीत दिसतो. 'छान आहे, खेळतोय' असा मेसेज आणि सोबत फोटो, यातून मालकाला धीर मिळतो, पशुवैद्याला काही कळत नाही. चांगल्या वहीतली नोंद अशी असते: 'सकाळी ७. बांगड्याचा भात अर्धा तसाच ठेवला. शी घट्ट. उजव्या कानामागे गोचीड १, काढली. दुपारी गडगडाट, कपाटामागे जाऊन बसला. जवळ बसून राहिले, पाऊण तासाने आला, पाणी प्यायला.' उद्या ताप आला तर या चार ओळींवरून पशुवैद्याला बरेच काही समजते.

परतीचा दिवस सगळ्यात नाजूक. तिकिटावरची वेळ धरून सिटर आदल्या संध्याकाळी काम संपवतो आणि इकडे पावसात कशेडी किंवा परशुराम घाटात दरड येऊन गाडी खोळंबते. जेवणाची वेळ टळते, दार बंद, आत कुत्रा. म्हणून मालक उंबऱ्यात पाऊल ठेवल्याचे कळवत नाही तोवर फेऱ्या चालू ठेवायच्या, आणि त्या जादा फेऱ्यांचे पैसे मालकाने न मागता द्यायचे, हे आधीच ठरलेले असावे.