दुधाचे दात आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट : एका सल्ल्याची पार्श्वभूमी

मुंबईत पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांच्या कानावर टूथपेस्टबद्दल एकमेकांना छेद देणारे सल्ले पडतात. दोन-तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट नको, असं काही डॉक्टर अजूनही सांगतात. बालदंततज्ज्ञ सांगतात, पहिला दात दिसला की फ्लोराइडचीच पेस्ट लावा, मात्र तांदळाच्या दाण्याएवढी. घरात आजी म्हणते, दुधाचे दात पडायचेच आहेत, त्यांचं एवढं काय! यातला कुठलाच सल्ला हवेतून आलेला नाही. प्रत्येकामागे एक काळ आहे, आणि ते काळ एकाच घरात एकत्र आल्यामुळे आईबापांचा गोंधळ होतो.

आजीच्या काळापासून सुरुवात करू. तेव्हा बाळाच्या दातांची काळजी म्हणजे दात येतानाच्या त्रासाची काळजी. टाकणखार (बोरॅक्स) मधात खलून हिरड्यांवर चोळायचा, सहाणेवर बाळगुटी उगाळायची, आणि वरचे दात आधी आले तर मामाला जड म्हणून काहीतरी उपाय करायचा. दात बाहेर आले की विषय संपला. यातला टाकणखार पोटात जाणं बाळाला घातक आहे, आणि वर्षाच्या आत मध दिल्यास बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो, म्हणून हा उपाय आज पूर्ण टाळायला हवा. पण अज्ञान फक्त आपल्याकडेच होतं असं कुणी समजू नये. ब्रिटनमध्ये दात येताना द्यायच्या पुडीत चक्क पारा असायचा. त्यामुळे मुलांचे हातपाय गुलाबी पडून सोलवटायचे, काही मुलं दगावायची. त्या पुड्या बाजारातून जायला १९५० चं दशक उजाडावं लागलं.

मुंबईत दंतवैद्यक शिक्षणाची सोय तुलनेनं लवकर झाली. मुंबई सेंट्रलजवळचं महापालिकेचं दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झालं. देशाचा दंतवैद्यक कायदा आला तो १९४८ मध्ये. तरी सामान्य चाळकऱ्याचा दातांच्या डॉक्टरांशी संबंध यायचा तो दाढ काढायलाच. लहान मूल तिथे नेणं कुणाच्या मनातही नसायचं. घरोघरी माकडछाप काळी टूथपावडर किंवा राखुंडी, आणि कितीतरी घरांत बायकांच्या बोटावर मिशरी. मिशरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती गरोदरपणातही सुटायची नाही, आणि घरातली लहान पोरं मोठ्यांचं बघून तीच दातांना लावायची. बाळाच्या दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटात असतानाच सुरू होते, त्यामुळे बाळाच्या दातांची गोष्ट आईच्या तब्येतीपासून वेगळी करता येत नाही. दंतमंजनांत आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली. तव्यावर घरीच भाजलेल्या मिशरीपर्यंत अशी बंदी कशी पोहोचणार?

त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला. बाळाच्या दुधाची पावडर आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिराती आणि फुकट वाटप त्यानं रोखलं. त्याचा हेतू स्तनपान वाचवणं हा होता, दातांचा त्यात विचार नव्हता. पण दातांसाठीही तो मोलाचा ठरावा असाच होता. कारण तोवर बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, मागे पडून बाटली आली होती, आणि मुंबईच्या धावपळीत ती बाळाच्या तोंडात रात्रभर राहू लागली होती. बाटलीत साखर घातलेलं दूध, कधी चहा. दिवसा हातात ग्लुकोजचं बिस्किट. झोपेत लाळ कमी सुटते आणि गोड दूध वरच्या पटाशीच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जिभेचं आणि लाळेचं पांघरूण असतं, म्हणून ते बहुधा वाचतात. आधी हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते, मग ती पिवळी-तपकिरी होते, मग दात तुकड्या-तुकड्यानं तुटतो. पांढऱ्या रेघेपर्यंत लक्षात आलं तर ते थांबवता येतं, आणि नेमकी तीच वेळ बहुतेकांच्या हातून निसटते. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते.

आता मुख्य वादाकडे, म्हणजे फ्लोराइडकडे.

पाश्चात्त्य देशांत फ्लोराइडची कीर्ती दात वाचवणारं द्रव्य म्हणून पसरली. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या एका शहरानं नळाच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळायला सुरुवात केली, आणि १९५० च्या दशकात ते टूथपेस्टमध्ये आलं. भारतात मात्र फ्लोराइडची ओळख झाली ती आजार म्हणून. १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातून फ्लोरोसिसची नोंद झाली : दातांवर डाग, पुढे हाडं ताठरणं, पाठ वाकणं. खडकातून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, आणि ते वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसांची ही अवस्था होते. आपल्या चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागांतली गावं आजही हे भोगत आहेत. फ्लोरोसिसवर आयुष्य वेचलेल्या संशोधकांनी टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला विरोध केला, तो या अनुभवातून. त्यांना वेडगळ ठरवणं अन्यायाचं आहे.

देशाच्या नियमांत टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला दहा लाख भागांत १००० भाग, म्हणजे १००० पीपीएम ही कमाल मर्यादा आहे, आणि ते प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापणं बंधनकारक आहे. युरोपात हीच मर्यादा १५०० आहे. देशावरचं फ्लोरोसिसचं ओझं पाहता आपली सावधगिरी समजण्यासारखी आहे. अडचण पुढे झाली. ‘जास्त नको’ या नियमाचा अर्थ बाजारानं आणि पालकांनी ‘मुलांना नकोच’ असा घेतला. दुकानात मुलांच्या पेस्टचा खण पाहा. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या कितीतरी ट्यूबवर ‘फ्लोराइडमुक्त’ हे शब्द ठळक असतात. जिथे फ्लोराइड आहे तिथे बऱ्याचदा ५०० च्या आसपास, आणि दात किडण्यापासून वाचवण्याचा भक्कम पुरावा आहे तो १००० आणि त्यापुढच्या प्रमाणासाठी. म्हणजे आपली कायदेशीर कमाल मर्यादा ही परिणामाच्या दृष्टीनं जवळपास किमान पायरी आहे! एवढी एक गोष्ट ध्यानात आली तर पेस्टवरच्या निम्म्या चर्चा संपतील.

दरम्यान विज्ञानाची समजूतही बदलली होती. फ्लोराइड पोटात जाऊन, दात घडतानाच त्यात मुरतं आणि तो मजबूत करतं, असं आधी मानलं जायचं. म्हणून काही देशांत मुलांना थेंब आणि गोळ्याही देत. १९८० नंतर स्पष्ट होत गेलं की त्याचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं : आम्लानं विरघळू लागलेलं खनिज परत बसवण्याचं. मग गिळण्याची गरजच उरत नाही. दाताला रोज थोडं लागलं की पुरे. या समजुतीतूनच अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेचा २०१४ चा निर्णय आला. त्याआधी अमेरिकेत दोन वर्षांखालच्या मुलांना फ्लोराइडची पेस्ट नको, असा सल्ला होता. तो बदलून पहिल्या दातापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी, असं ठरलं. आपल्याकडच्या अनेक डॉक्टरांचा सल्ला मात्र २०१४ च्या आधीचाच राहिला आहे.

भीती खरी किती, याचा हिशेब घरी करता येतो. १००० पीपीएमच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे बाळानं ती सगळी गिळली तरी पोटात ०.१ मिलिग्रॅम, दोन वेळची मिळून ०.२. याउलट, लिटरला १.५ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं पाणी आपल्या मानकांनुसार अगदी टोकाला चालवून घेतलं जातं. असं अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर ०.७५ मिलिग्रॅम पोटात जातं. ज्या गावात पाणीच असं आहे तिथे पेस्टबद्दल वेगळा विचार करावा, हे योग्यच. पण मुंबई पिते ते तुळशी, विहार, तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं, पावसानं भरलेलं पाणी. त्यात फ्लोराइड नगण्य असतं. चंद्रपूरच्या गावासाठी शहाणपणाची असलेली भीती दादर-परळच्या बाळाला लागू केली, तर त्याला पाण्यातूनही संरक्षण नाही आणि पेस्टमधूनही नाही. माझ्या मते शहरातल्या मुलांचं यात खरोखरच नुकसान झालं आहे. ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी पिण्यात येतं, त्यांनी ते एकदा तपासून घ्यावं, एवढा अपवाद. आणि मोठ्यांसारखी ब्रश भरून पेस्ट लहानग्याला कधीच देऊ नये. नंतर येणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे ठिपके पडायची जोखीम पहिल्या तीन वर्षांतच सर्वाधिक असते.

याच सुमारास इतर घडामोडीही वेगानं झाल्या. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यातल्या आजारांच्या यादीत दातांचे आजार आले. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासायचं, असं त्याचं स्वरूप. शाळेतली तपासणी महत्त्वाची आहे ती आणखी एका कारणासाठी. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे, एकही दात न पडता एक दाढ येते. पालक तिला दुधाची समजतात आणि किडली तरी पडेल म्हणून सोडून देतात. ती पक्की असते, जन्मभराची.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडच्या पेस्टचा समावेश झाला. त्याच वेळी यादीत आलं चांदी आणि फ्लोराइडचं एक द्रावण. जपानमध्ये ते १९७० पासून वापरात आहे. किडलेल्या जागी ब्रशनं लावलं की बहुतेक वेळा कीड थांबते. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, भूल देऊन झोपवणं नाही. भूल देऊन चार-पाच दातांचं काम एकदम करून घेण्याचा खर्च ज्या घराला झेपत नाही, त्यांच्यासाठी हा मोठाच दिलासा आहे. पण लावलेला भाग कायमचा काळा पडतो. दाढेला आईबाप सहसा हो म्हणतात, पुढच्या दाताला मात्र अडतात. तो काळेपणा आधी नीट दाखवून, समजावून मगच विचारायला हवं, आणि पुढचा दात दोन-तीन वर्षांत पडणार असेल तर तेही त्याच वेळी सांगायला हवं.