शुश्रूषा केंद्रांतील वेळेवर वेदनाशमन (नागपूर)

नागपुरात ‘नर्सिंग होम’ म्हणजे लहान खासगी दवाखाना. या नोंदीत अभिप्रेत आहेत ती अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना कायम सांभाळणारी केंद्रे. तिथे गोळी बहुधा कपाटात असते. उशीर होतो तो ती द्यायची कोणी ठरवायचे, यात.

चिठ्ठीवर ‘एसओएस’ (गरज पडल्यासच) लिहिले की औषध मागणाऱ्यालाच मिळते. न बोलणाऱ्या आजी तशाच कण्हत राहतात. कर्करोगाच्या सततच्या दुखण्यात औषध घड्याळाप्रमाणे द्यावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून सांगितले आहे. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या तोंडाने घ्यायच्या साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. ५ मिग्रॅ दिवसातून सहा वेळा चालू असेल, तर मध्येच उसळणाऱ्या कळेसाठी एकूण मात्रेचा सहावा भाग, म्हणजे ५ मिग्रॅ, डॉक्टरांनी आधीच लिहून द्यावा. मग रात्री दोन वाजता फोन लावत बसावे लागत नाही. औषध दिल्यावर दुखणे कमी झाले का, ते तासाभराने पुन्हा पाहावे. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून हवेच. अंमली पदार्थ कायद्याच्या २०१४ मधील दुरुस्तीनंतर मॉर्फिन ठेवणाऱ्या संस्थेला राज्य औषध नियंत्रकांची मान्यता लागते.

‘दुखून राह्यलं का?’ या प्रश्नाला अनेक आजोबा ‘नाही’ म्हणतात; ‘आंग ठणकते का?’ विचारले की हो म्हणतात. ज्यांना सांगताच येत नाही त्यांच्यासाठी पेनॅड मापनी आहे: श्वास, कण्हणे, चेहरा, हालचाल आणि समजावल्यावर शांत होणे, प्रत्येकी ० ते २ गुण. नोंद कूस बदलताना घ्यावी; निजलेल्या माणसाचे गुण फसवे कमी येतात. जखमेच्या ड्रेसिंगआधी गोळी ३० ते ६० मिनिटे पोटात गेलेली असावी. ड्रेसिंगवाला दारात आल्यावर दिलेली गोळी त्या ड्रेसिंगला उपयोगाची नाही.

नेहमीची चूक पॅरासिटामॉलच्या बेरजेची. अ‍ॅसिक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जोडगोळीत ते बहुधा ३२५ मिग्रॅ असतेच. वरून तापाची ६५० ची गोळी दिली जाते. अशक्त वृद्धांत दिवसाची बेरीज ३ ग्रॅमच्या आतच ठेवतात, कमी वजनाच्यांत आणखी कमी.

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि वृद्ध पाणी कमी पितात. अशा वेळी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मूत्रपिंड बंद पाडू शकतात. फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची त्वचेवर चिकटवायची पट्टी ७२ तासांसाठी असते, पण त्वचा तापली की औषध जास्त वेगाने शोषले जाते. म्हणून कूलर बंद पडला, ताप चढला किंवा पट्टीजवळ शेकाची पिशवी ठेवली गेली, तर गुंगी आणि श्वासाची गती दर तासाला तपासावी. श्वास मंदावल्यास पट्टी काढून लगेच डॉक्टरांना बोलवावे.